पोलीस खात्यातून निघालेली जुनी बुलेट लांबच्या प्रवासासाठी घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की पिंपरीतल्या एका डीलरकडे पोलीस खात्याची २००८ सालची बुलेट ३५० आहे, मीटरवर २२ हजार किलोमीटर दिसतात, तो ६० हजार मागतोय आणि तुम्हाला तिच्यावरून लेहला जायचंय. शेवटी विचारलंय, "पोलिसांच्या गाड्यांची देखभाल चांगली असते म्हणतात, ते खरं का?"

या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसलोय. माझे वडील पोलिसांच्या मोटार परिवहन विभागात मेकॅनिक होते, २६ वर्षं. कुठल्या जिल्ह्यात ते इथे सांगत नाही. ते निवृत्त झाले आणि पुढे चार वर्षांनी, २००९ मध्ये, मी दुसऱ्याच एका जिल्ह्याच्या लिलावातून निघालेली १९९६ ची बुलेट घरी आणली. पांढरी, पुढे लोखंडी गार्ड, मागे वायरलेसच्या पेटीचा स्टँड तसाच. बाबा जिना उतरून खाली आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ज्या गाड्या दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, तीच तू पैसे मोजून दारात आणलीस?" आणि वर निघून गेले. त्या दिवसापासून आमचा वाद चालू आहे.

त्यांचं म्हणणं एका वाक्याचं आहे. सरकारी गाडी म्हणजे कुणाचीच गाडी नाही. आज एक हवालदार चालवतो, उद्या दुसरा, परवा तिसरा. पहिल्याला क्लच घसरतोय हे कळतं, पण त्याची बदली होते. सर्व्हिसिंग वेळेवर होतं, ऑइल बदलतं, लॉगबुकात नोंद होते, हे सगळं खरं. पण कान लावून ऐकणारा माणूस त्या गाडीला नसतो. म्हणजे देखभाल चांगली असते हे अर्धंच खरं आहे.

दुसरी गोष्टही त्यांचीच, आणि ती मला शंभर टक्के पटते. पोलिसांची गाडी पळून झिजत नाही, उभी राहून झिजते. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात येतात, मुक्काम करून निघतात आणि माऊलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते. अशा बंदोबस्तातली बुलेट दिवसभर माणसाच्या चालीने चालते. पहिला गिअर, क्लच अर्धा दाबलेला. वाऱ्यावर थंड होणारं इंजिन, आणि वाराच नाही. त्या दिवशी मीटर पंधरा-वीस किलोमीटर पुढे सरकतो, इंजिन मात्र आठ तास तापलेलं असतं. क्लच प्लेटी जळतात, पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजतात, तळाशी ऑइलचा गाळ साचतो. म्हणून किलोमीटरवर जाऊ नका. त्यातही तुमचा आकडा मला पटत नाही. रोज २० किलोमीटर आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तरी १४ वर्षांत ८४ हजार होतात. २२ हजारांवर मीटर थांबलाय याचा अर्थ बहुतेक केबल तुटली आणि कुणी बदलली नाही.

मग मी का घेतली? लहानपणी वर्कशॉपच्या अंगणात बाबांनी मला बुलेट चालू करायला शिकवली होती, तेव्हा माझं वजन किक खाली दाबायलाही पुरायचं नाही. चावी लावायची आणि किक हळूहळू दाबत हेडलाइटच्या वरचा अँपिअरचा काटा बघायचा. बॅटरीत करंट जातोय की बॅटरीतून निघतोय ते हा काटा दाखवतो, निघत असेल तर मायनसला जातो. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, बंद असतो तोवर काटा जरा मायनसकडे झुकलेला असतो. पॉइंट उघडला की तो मध्यावर येतो. तिथे थांबायचं, डीकॉम्प्रेशरचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) खटका ओढून किक आणखी बोटभर सरकवायची, खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची, आणि मग एकच पूर्ण किक. काटा वाचता आला तर गाडी पायाला झटका देत नाही. "बाकी सगळं खोटं बोलेल, काटा बोलणार नाही," हे बाबांचं वाक्य मी आठवीत असताना ऐकलेलं आहे.

आणि तोच काटा मी बघूनही सोडून दिला. २०१० चा जुलै. मी आणि बायको पुण्याहून कापूरहोळ, भोर करत वरंधा घाटाने महाडला निघालो होतो. त्याआधी हेड खोलून, बोअर मारून, नवा पिस्टन घालून मी १७ हजार खर्च केले होते. इंजिन घड्याळासारखं चालत होतं. भोरला पेट्रोल भरताना काटा मायनसला झुकलेला दिसला. वाटलं, पाऊस आहे, हेडलाइट लावलाय, म्हणून असेल. नीरा देवघरच्या पाण्याकडेने जाताना तो थेट टोकाला टेकला. नंतर गाडी खोकायला लागली. खड्ड्यात आपटली की बंद पडल्यासारखी व्हायची, परत उचलायची. वाघजाई मंदिराच्या अलीकडे, शेवटच्या चढाला, ती थांबली ती थांबलीच. हॉर्न नाही, दिवा नाही, काटा मेलेला.

दोघांनी ढकलत मंदिरापर्यंत नेली. तिथल्या भज्यांच्या टपरीमागे कठड्यावर उभं राहिलं की मोबाइलला एक दांडी रेंज मिळत होती. बाबांना फोन केला. खरं सांगतो, करायचा नव्हता. त्यांनी "काय झालं" असं विचारलंच नाही.

"काटा कुठं होता?"

"मायनसला."

"कधीपासून?"

"भोरपासून."

जरा वेळ नुसता पावसाचा आवाज. मग म्हणाले, "टाकी उचल. खाली पाइपाच्या कडेला एक तोडलेली वायर असेल, सायरनची. गाडी लिलावात काढताना सायरन, दिवा, सेट उतरवून घेतात आणि वायरी पकडीने तोडतात. वरून टेप. ती टेप उकलली असेल."

टाकीचे बोल्ट काढले. बायकोने छत्री टाकीवर धरली, स्वतः भिजत. हात आत घातला तर बोटांना आधी चिकट, वितळलेल्या टेपचा गोळा लागला आणि त्यातून बाहेर आलेली तांब्याची उघडी टोकं. जिथे ती फ्रेमला घासत होती तिथला रंग जाऊन लोखंड चकाकत होतं. पाणी आणि हादरे यांनी ती टोकं फ्रेमला टेकत होती आणि बॅटरी त्या वाटेने रिकामी होत होती. भजीवाल्याकडून प्लास्टिकची पिशवी घेतली, फाडून टोकाभोवती घट्ट गुंडाळली, वरून बायकोच्या केसांचं रबर. अर्धा तास बॅटरीला विसावा दिला आणि महाडच्या बाजूच्या उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. तिसऱ्या प्रयत्नात लागली. महाडला बॅटरी चार्ज करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्याच घाटाने परत आलो.

बाबा म्हणतात, यावरूनच सिद्ध होतं की अशी गाडी घेऊ नये. जिच्या वायरी देणारा नीट बंद करून देत नाही ती घ्यावी कशाला? मी म्हणतो, यावरून सिद्ध होतं की इंजिनात काही वाईट नव्हतं, वाईट होती ती एक वायर. १९५० च्या दशकात सरकारने लष्करासाठी हीच ३५० सीसी बुलेट निवडली आणि १९५५ पासून मद्रासला तिची जुळणी सुरू झाली, ती काही दिसायला रुबाबदार म्हणून नाही. घाटात, पावसात, रस्त्याच्या कडेला पान्याने खोलता येते म्हणून. वरंध्यात मी ती पिशवी आणि रबरावर चालू केली. आजची कुठली गाडी अशी चालू होईल? त्यानंतर ती हंपीला जाऊन आली, दोनदा आंबोलीमार्गे गोव्याला, एकदा महेश्वरला. सत्तरच्या वर पळवत नाही. रस्त्यात बंद पडली ती त्यानंतर फक्त एकदा, तेही पंक्चरमुळे.

तेव्हा घ्यायचीच असेल तर माझं ठाम मत असं की आणल्याबरोबर सगळी वायरिंग उपटून नवी टाका. तपासून, दुरुस्त करून नाही. पूर्ण नवी. इंजिनाचं काम नंतर केलं तरी चालेल. सायरनची लाइन, निळ्या दिव्याची लाइन, सेटची लाइन, प्रत्येक वेळी ज्याने जोडली त्याने जिथे सोय दिसली तिथून करंट घेतलेला असतो, फ्यूज टाळून. आणि वायरलेसचा स्टँड जिथे फ्रेमला जोडलाय तिथे वेल्डिंगला तडा आहे का ते बोटाने बघा. चालवून बघताना दुसऱ्या गिअरमध्ये खेचा आणि एकदम सोडा. गिअर सटकला तर पिनियन (गिअरबॉक्समधली दातेरी चाकं) गेलेत. पहिल्या-दुसऱ्यावरच आयुष्य काढलेली गाडी आहे ती.

आता कागदपत्रं. हे खरं तर आधी सांगायला हवं होतं, कारण तुमच्या गाडीचा निकाल इथेच लागेल. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे वाढवता येत नाही. त्या नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच जायला हव्यात. तुमची बुलेट २००८ ची. ती आज अजून खात्याच्याच नावावर असेल आणि डीलर "कागद करून देतो" म्हणत असेल, तर तिथून उठा. ती रस्त्यावर येऊ शकत नाही, तुम्ही भंगार विकत घेताय. १५ वर्षं व्हायच्या आत ती रीतसर लिलावातून कुणा खासगी माणसाच्या नावावर झाली असेल तरच पुढे बोला. तशा गाडीचं तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं, पर्यावरण कर वेगळा. वाहन कर भरलेला आहे की सरकारी म्हणून माफ होता, तेही आरसीवर वाचा. मला तो नंतर भरावा लागला.

१५ वर्षांच्या आतली गाडी थेट लिलावातून घेणार असाल तर ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत फॉर्म ३२ भरून अर्ज करायचा असतो. नेहमीच्या खरेदीचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म इथे चालत नाहीत. सोबत अधिकाऱ्याच्या सहीचं विक्रीचं पत्र लागतं. माझ्या डीलरने अख्खा लॉट घेतला होता, पत्र त्याच्या नावावर, आणि त्याने तो अर्ज केलाच नव्हता. संगम पुलाजवळच्या आरटीओत मी सात चकरा मारल्या, चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप दोनदा काढून दिला, तेव्हा कुठे सात महिन्यांनी गाडी माझ्या नावावर झाली. तिथल्या लोकांची यात काही चूक नव्हती. पत्रच अपुरं होतं.

आणखी एक, पोलीस ठाण्याच्या आवारात ज्या गाड्या सडत पडलेल्या दिसतात त्या जप्त केलेल्या किंवा बेवारस असतात. खात्याच्या स्वतःच्या गाड्यांशी त्यांचा संबंध नाही. डीलर दोन्हींना "पोलिसांची गाडी" म्हणतो. आरसीवर पहिला मालक कोण ते बघा.

पांढरा रंग, निळे पट्टे, सायरन ठेवायचा विचार मनात असेल तर तो काढून टाका. खासगी माणसाला त्यातलं निळं आणि वाजणारं काहीच चालत नाही. मी माझी काळी केली आणि रंगबदल आरसीवर चढवून घेतला.

हे सगळं जुन्या कास्ट आयर्न (बिडाच्या) इंजिनाबद्दल आहे, तुमची २००८ ची त्यातच येते. २०१० नंतरच्या नव्या इंजिनाच्या गाड्यांना ना पॉइंट, ना काट्याची ती कसरत. तोडलेल्या वायरी मात्र त्यांनाही असणारच. लेहचं म्हणाल तर मी माझी तिकडे नेलेली नाही, त्यामुळे तिथल्या उंचीवर जुना कार्बोरेटर कसा वागतो हे तिकडे गेलेल्या माणसाला विचारा. त्याआधी एक पावसाळा वरंधा, ताम्हिणी, आंबेनळी करा.

वायरिंगसाठी नाना पेठेत माणसं आहेत. गाडी ठेवून घरी येऊ नका, स्टूल घेऊन शेजारी बसा, आणि निघालेल्या जुन्या वायरी मागून घ्या. मी माझी ती सायरनची वायर घरी नेऊन बाबांसमोर ठेवली होती, हातभर लांब, हिरवी, टोकाला काळी झालेली. त्यांनी चष्मा लावून ती उलटीपालटी करून बघितली आणि परत दिली. "ही आमच्या वर्कशॉपची नव्हे," म्हणाले. "आम्ही लाल वापरायचो, आणि टोक दुमडून मग टेप मारायचो."