एआरसीपी दीड महिन्यावर आणि पोर्टफोलिओ अर्धा: काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. इंग्लंडमध्ये जीपी (फॅमिली डॉक्टर) ट्रेनिंगचं पहिलं वर्ष, लहान मुलीमुळे ८० टक्केच वेळ काम. एआरसीपी (ट्रेनिंगमधल्या प्रगतीचा वार्षिक आढावा) दीड महिन्यावर आली आहे आणि पोर्टफोलिओ (वर्षभराच्या कामाच्या ऑनलाइन नोंदी) निम्माही भरलेला नाही. मध्यंतरी वडिलांच्या बायपाससाठी साताऱ्याला गेलात, रजा संपल्यावर आणखी चार आठवडे विनावेतन घेतले. ते फॉर्म आरमध्ये (आढाव्याआधी स्वतः भरायचं रजा आणि कामाचं घोषणापत्र) लिहिलं तर उगाच डोळ्यांवर येशील, असं एका सीनियरने सांगितलंय. त्यात सीसीटी (ट्रेनिंग पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र), परफॉर्मर्स लिस्ट (सरकारी आरोग्यसेवेत काम करू शकणाऱ्या जीपींची यादी), व्हिसा हे सगळं केव्हा सुरू करायचं तेही विचारलंय.

मी याच वाटेने आलो आणि आता स्वतः एज्युकेशनल सुपरवायझर आहे. तेव्हा तुमचा रिपोर्ट लिहिणाऱ्यांच्या बाजूने काय दिसतं ते सांगू शकतो.

आधी रजेचं. त्या सीनियरचं ऐकू नका. वार्षिक रजा आणि स्टडी लीव्ह सोडून वर्षभरात १४ पेक्षा जास्त कामाचे दिवस गैरहजेरी झाली की सीसीटीची तारीख पुढे न्यायची का, याचा विचार आढावा घेणाऱ्या पॅनेलला करावा लागतो. आजारपण, बाळंतपणाची रजा, घरच्या अडचणीसाठी घेतलेली रजा, विनावेतन रजा, सगळं यात धरतात. तुमचे आठवड्याला चार दिवस, म्हणजे चार आठवड्यांचे सोळा. आकडा ओलांडला गेलाच आहे. पण याचा अर्थ शिक्षा नव्हे. पॅनेल पाहतं, ठरवतं, फार तर तारीख थोडी सरकते. लपवलंत तर मात्र प्रकरण वेगळंच होतं. पगार देणाऱ्या संस्थेकडे तुमची रजा नोंदलेली असतेच, आणि फॉर्म आर हा जीएमसीच्या (डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था) रीव्हॅलिडेशनचा, म्हणजे परवाना चालू ठेवण्यासाठीच्या तपासणीचा भाग आहे; ट्रेनिंगमध्ये असेपर्यंत त्यासाठीचे तुमचे रिस्पॉन्सिबल ऑफिसर पोस्टग्रॅज्युएट डीन असतात. दोन कागदांवर दोन आकडे दिसले की प्रश्न रजेचा राहत नाही, सचोटीचा होतो. वडिलांच्या ऑपरेशनला गेल्याबद्दल इथे कुणी नाक मुरडत नाही. त्याच फॉर्ममध्ये मुख्य नोकरीबाहेरचं कामही लिहायचं असतं. शनिवारी एखादी लोकम (बदली डॉक्टरची) शिफ्ट केली असेल, तर तीही.

तारीख सरकण्याची एवढी चर्चा का, तर पुढचं सगळं त्या एका तारखेवर टांगलेलं असतं. तीन वर्षांचं ट्रेनिंग ८० टक्क्यांनी पावणेचार वर्षांचं होतं. सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, व्हिसाची मुदत, नव्या नोकरीचा पहिला दिवस, सगळं त्याच्या मागे जातं. म्हणून दर एआरसीपीनंतर पोर्टफोलिओवर कोणती सीसीटी तारीख दिसते ती बघा आणि चुकीची वाटली तर त्याच आठवड्यात प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटरला मेल करा. फोन नको, मेलच. लेखी राहतं.

आता पोर्टफोलिओ. २०२० पासून तो फोर्टीनफिशवर आहे, त्यासाठी जीपींच्या रॉयल कॉलेजकडे ट्रेनी म्हणून नोंदणी चालू हवी, हे तुम्हाला माहीत आहेच. लोक अडकतात ते पॅनेलच्या निकालांपैकी आउटकम ५ वर. तो नापासाचा शेरा नाही. पुरावा अपुरा, एवढाच त्याचा अर्थ. ठराविक मुदतीत पुरावा दिलात की पॅनेल योग्य तो आउटकम देतं. पण माझ्या पाहण्यातल्या बहुतेक आउटकम ५ मध्ये मेडिसिनचा काडीचा संबंध नव्हता. बीएलएसचं (सीपीआरचं) सर्टिफिकेट जुनं, सेफगार्डिंगची (मुलं आणि दुर्बल व्यक्तींच्या संरक्षणाची) त्या वर्षीची नोंद नाही, फॉर्म आर भरलाच नाही, क्लिनिकल सुपरवायझरचा रिपोर्ट राहून गेला, असल्या गोष्टी.

आपण इंटर्नशिपमध्ये कंप्लिशनच्या सह्यांसाठी एकेका डिपार्टमेंटबाहेर तासन्‌तास उभे राहिलो आहोत. इथेही सह्याच गोळा करायच्या आहेत, फक्त ज्याला चहा पाजून साहेब केव्हा येणार ते विचारावं असा शिपाई नाही. म्हणून या दीड महिन्यातला पहिला आठवडा फक्त दुसऱ्यांवर अवलंबून असलेल्या गोष्टींना द्या. एमएसएफची (सहकाऱ्यांच्या अभिप्रायाची) विनंती आजच पाठवा. किमान दहा जणांची उत्तरं लागतात, म्हणजे पंधरा-सोळा जणांना पाठवावी लागते, आणि त्यातले दोघे हमखास रजेवर असतात. पोस्ट संपत असेल तर सीएसआरसाठी (क्लिनिकल सुपरवायझरच्या रिपोर्टसाठी) कन्सल्टंटला मेल आणि त्यांच्या सेक्रेटरीलाही एक. सीबीडी (केसवरची चर्चा) आणि मिनी-सीईएक्स (पेशंट तपासताना केलेलं मूल्यमापन) उरले असतील तर वॉर्डवर त्याच दिवशी रजिस्ट्रारला गाठून करून घ्या. ‘नंतर तिकीट पाठवतो’ म्हणालात की ते तिकीट (मूल्यमापन ऑनलाइन भरायची विनंती) त्यांच्या इनबॉक्समध्ये पडून राहतं. तुम्ही स्वतः लिहायचं ते रात्री मुलगी झोपल्यावरही होतं.

क्लिनिकल केस रिव्ह्यू (पाहिलेल्या पेशंटवरच्या स्वतःच्या चिंतनाच्या नोंदी) पूर्ण वेळ असल्यास वर्षाला ३६, तुम्हाला ८० टक्क्यांनी २९ च्या आसपास. बीएलएस आणि सेफगार्डिंग मात्र टक्क्यांनी कमी होत नाहीत, ते दरवर्षी पूर्णच. आणि एकाच रविवारी अठरा केस रिव्ह्यू टाकू नका. प्रत्येक नोंदीवर तारीख असते, पॅनेलला ती दिसते. आठवड्याला चार-पाच लिहा, उरल्या तर आधीच तुमच्या सुपरवायझरला सांगा.

लिहायचं कसं, तेही सांगतो, कारण आपल्याकडून आलेले डॉक्टर इथे केस शीट लिहितात. नमुना: ‘७४ वर्षांचे गृहस्थ, शुगर अनियंत्रित, इन्शुलिनला नकार, समुपदेशन केलं, दोन आठवड्यांनी बोलावलं.’ यात पेशंट आहे, डॉक्टर कुठेच नाही. तीच केस अशी लिहा: नकाराचं कारण विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्या पत्नीला इन्शुलिन सुरू केलं आणि महिन्याभरात त्या गेल्या. मी तोवर एचबीएवनसीचे आकडे सांगत होते, त्यांना भीती वेगळ्याच गोष्टीची होती. हात थरथरतात, तेव्हा पेन स्वतः वापरता येईल का हे डायबेटिस नर्सशी बोलले. पुढच्या वेळी आकड्यांआधी कारण विचारेन. एवढ्या सहा-सात ओळीत संवाद, पेशंटचा समग्र विचार आणि सहकाऱ्यांबरोबरचं काम, तिन्ही कॅपेबिलिटीज (अपेक्षित क्षमता) जोडता येतात आणि माझ्यासारख्या सुपरवायझरला मान्य करताना विचार करावा लागत नाही. नाव, इनिशिअल्स, गावाचं नाव मात्र टाकू नका.

ईएसआरच्या (एज्युकेशनल सुपरवायझरच्या रिपोर्टच्या) मीटिंगआधी सेल्फ-रेटिंग भरून ठेवा. ते रिकामं असेल तर सुपरवायझरला पुढे सरकताच येत नाही आणि ठरवलेला तास तुमच्यासमोर बसून टायपिंग करण्यात जातो. मीटिंगची वेळ अजून घेतली नसेल तर हे वाचून झाल्यावर लगेच घ्या. जून-जुलैत आम्ही सगळेच रिपोर्टांखाली गाडलेले असतो.

परीक्षांचं थोडक्यात. एकेटी (ज्ञानाची परीक्षा) दुसऱ्या वर्षापासून देता येते, एससीए (कन्सल्टेशनची परीक्षा) तिसऱ्या वर्षी. एससीएत बारा मिनिटांच्या बारा कन्सल्टेशन्स असतात. एकेटीतले दहा टक्के प्रश्न प्रशासकीय असतात आणि दहा टक्के स्टॅटिस्टिक्स व पुराव्यावर आधारित प्रॅक्टिसचे. फिट नोट कितव्या दिवसापासून लागते, झटका आलेल्या माणसाने गाडी केव्हा चालवायची, हे आपल्या एमबीबीएसमध्ये नव्हतंच, त्यामुळे आपली मंडळी क्लिनिकलमध्ये उत्तम मार्क घेऊन इथे गळतात. बुकिंगची खिडकी थोडेच दिवस उघडी असते. तारखा आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका.

जीपी पोस्टला जाण्याआधी दोन किरकोळ कामं, जी कुणी सांगत नाही. गाडीच्या विम्यात बिझनेस यूज घालून घ्या, होम व्हिजिटला त्याशिवाय जायचं नाही. आणि स्मार्टकार्डला (पेशंटच्या संगणकीय नोंदी उघडायचं कार्ड) नव्या प्रॅक्टिसचा (जीपींच्या दवाखान्याचा) ॲक्सेस जोडायला प्रॅक्टिस मॅनेजरला आठवडाभर आधी कळवा, नाहीतर पहिल्या दिवशी दुसऱ्याच्या मागे बसून स्क्रीन बघावी लागते. इंडेम्निटीचा (दाव्यांपासूनच्या संरक्षणाचा) प्रश्न नेहमी येतो: १ एप्रिल २०१९ पासून इंग्लंडमध्ये एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) जीपी कामातल्या निष्काळजीपणाचे दावे सरकारी योजनेत येतात, पण जीएमसीची चौकशी लागली तर त्यात वकील मिळत नाही. डॉक्टरांना कायदेशीर मदत देणाऱ्या डिफेन्स ऑर्गनायझेशनची मेंबरशिप चालू ठेवाच.

सीसीटी अजून लांब आहे, तरी विचारलंत म्हणून. शेवटच्या एआरसीपीत आउटकम ६ (ट्रेनिंग पूर्ण) मिळतो, कॉलेज जीएमसीला शिफारस करतं, जीएमसी अर्ज आणि फी घेऊन नाव जीपी रजिस्टरवर चढवतं. ते नाव जीएमसीच्या वेबसाइटवर स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत जीपी म्हणून एकही सेशन घ्यायचं नाही, नवी प्रॅक्टिस कितीही घाई करो. परफॉर्मर्स लिस्टवरचा दर्जा ट्रेनीवरून जीपी करून घेणं हे वेगळं काम, ते आपोआप होतं असं समजू नका. लिस्ट इंग्लंडची वेगळी, स्कॉटलंड-वेल्सची वेगळी.

व्हिसाबद्दल एकच सांगतो. ट्रेनिंगमध्ये तुमचा स्पॉन्सर प्रॅक्टिस नसते, नंतर मात्र नोकरी देणाऱ्या प्रॅक्टिसलाच स्पॉन्सरशिपचं लायसन्स लागतं आणि छोट्या प्रॅक्टिसकडे ते बऱ्याचदा नसतं. शेवटच्या वर्षी मुलाखतीला गेलात की पगाराआधी हे विचारा. व्हिसाचे नियम सतत बदलतात, तेव्हा त्या वेळी सरकारी साइटच बघा, माझं हे उत्तर नको.

आणि परत जायचा विचार मनात कुठेतरी असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं पाच वर्षांचं नूतनीकरण चुकवू नका. तारीख उलटून गेलेली असेल तर पुढच्या भारतभेटीत ते काम आधी उरका.

एमएसएफची यादी करताना कुणाला घ्यायचं ते कळत नसेल तर इथेच विचारा, रात्री बघतो.