टीम आहे, पण सोबत नाही

पटावरचे प्रश्न : वाचकांची पत्रं आणि त्यांना उत्तरं

ताई, रोज रात्री कामं आटोपली की मी ऑनलाइन बुद्धिबळ खेळतो, तेही ब्लिट्झ, म्हणजे झटपट डाव. तीन मिनिटांचा डाव संपला की लगेच पुढचा. आजवर शेकडो जणांशी खेळलो असेन, पण एकाशीही दोन शब्द बोलणं झालेलं नाही. सोबत मिळेल म्हणून लीचेस या बुद्धिबळाच्या साइटवर तीन मोठ्या टीममध्ये सामील झालो. प्रत्येकीत हजारो सभासद, पण तिथेही कोणी कोणाला विचारत नाही. टीममुळे मित्र मिळतात असं ऐकलं होतं. ते नेमके कुठे मिळतात? — एक वाचक

मोठ्या टीममध्ये तर सहसा नाहीत. हजारो सभासदांची टीम ही बहुतेक वेळा मतदारयादी असते. तुमचं नाव तिच्यात असतं, म्हणून यादीतल्या कोणाला तुम्ही ओळखता असं होत नाही. अशा टीम मुख्यतः टीम बॅटलसाठी, म्हणजे ठरावीक वेळ चालणाऱ्या टीमच्या स्पर्धेसाठी जमतात. टीम बॅटलमध्ये एक डाव संपला की लगेच पुढचा प्रतिस्पर्धी मिळतो. जिंकलात तर दोन गुण, बरोबरीला एक, आणि सलग दोन डाव मारलेत की पुढच्या डावाचे गुण दुप्पट. टीमच्या बेरजेत मात्र वरच्या मोजक्या खेळाडूंचेच गुण धरतात. किती जणांचे, ते स्पर्धा भरवणारा ठरवतो. शिवाय स्वतःच्या टीममधल्या कोणाशी तुमची गाठ कधीच पडत नाही. त्यामुळे अख्खी संध्याकाळ टीमसाठी खेळूनही टीममधलं एक माणूस भेटलं नाही, हे अगदी सहज घडतं. यात तुमचं काही चुकत नाहीये.

तरी टीम बॅटल अगदीच कोरडी असते असंही नाही. आमच्या टीमची एक लढत सांगते. वेळ संपत आलेली, आम्ही चार गुणांनी मागे. आमचा एक गडी सलग जिंकत आला होता. त्यानं शेवटच्या डावात बर्सर्क दाबलं, म्हणजे आपलं घड्याळ आपणच निम्मं करून घेतलं. असा डाव जिंकला तर एक गुण जास्त मिळतो. म्हणजे डाव मारला तर चार अधिक एक, पाच. पण स्पर्धेची वेळ संपल्यावर चालू असलेला डाव धरतच नाहीत. त्याच्याकडे एक हत्ती आणि दोन प्यादी जास्त, आणि समोरचा मात्र प्रत्येक चाल निवांत खेळतोय! आम्ही सगळे आपापले डाव संपवून त्याच्या पटावर डोळे लावून बसलो होतो. चाल कोणीही सुचवली नाही, सुचवायची नसतेच. चॅटमध्ये नुसते ‘अरे’ आणि ‘बापरे’. स्पर्धेचं घड्याळ शून्यावर यायच्या जेमतेम आधी मात बसली. त्यानंतर बराच वेळ कोणी उठेना. त्या रात्री ज्यांनी पहिल्यांदा टीमच्या चॅटमध्ये तोंड उघडलं, त्यातले दोघं आज आमचे पक्के गडी आहेत.

पण असे योग रोज येत नाहीत, आणि तीन मिनिटांच्या डावात कोणाला ‘कसं काय’ विचारायलाही फुरसत नसते. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: संथ डावांच्या लीगमध्ये नाव द्या. लीचेसवरच्या खेळाडूंनी चालवलेली ‘४५४५’ ही टीम लीग आहे. प्रत्येकाला ४५ मिनिटं आणि दर चालीला ४५ सेकंदांची भर. आठवड्याला एक डाव. तिथली सगळ्यात चांगली गोष्ट वरवर पाहता कटकटीची वाटते: डाव कधी खेळायचा हे दोन प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांना निरोप पाठवून ठरवायचं. ‘तुमची शनिवार सकाळ म्हणजे माझी रात्र, चालेल का?’ इथून सुरुवात होते. मग कोणाची रात्रपाळी कळते, कोणाचं तान्हं बाळ कळतं. डावाआधीच समोरचा माणूस होतो. आणि तुम्ही वेळेवर आला नाहीत तर तुमच्या पटाकडे बघत बसलेली टीम असते. आपली वाट पाहणारं कोणीतरी आहे, हे ब्लिट्झमध्ये कधी जाणवत नाही.

खरी मैत्री जमते ती डाव संपल्यावर, चुका काढताना. आमच्या टीममध्ये लढत झाली की डाव स्टडीत, म्हणजे सगळ्यांना मिळून बघता येईल अशा ऑनलाइन पटावर टाकतात आणि सगळे त्यावर तुटून पडतात. लीगमध्ये टीममधल्या प्रत्येकाचा पट क्रमांकानं ठरलेला असतो. एकदा आठव्या पटावरच्या बाईंनी त्यांच्या डावातला हत्तीचा एंडगेम, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, मांडून दाखवला. एक प्यादं कमी असतानाही आपला हत्ती आपल्या बाजूनं तिसऱ्या आडव्या रांगेत धरून ठेवायचा, समोरच्या राजाला पुढे येऊ द्यायचं नाही, आणि त्यानं प्यादं त्या रांगेत ढकललं की हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शह देत राहायचं. अठराव्या शतकातला फ्रेंच खेळाडू फिलिडॉर याची ही जुनीच युक्ती. पुढच्याच आठवड्यात आमच्या चौथ्या पटावर हुबेहूब तशी स्थिती आली आणि हरलेला डाव बरोबरीत सुटला. चौथ्या पटावरच्या पठ्ठ्यानं पहिलं काय केलं असेल, तर बाईंना निरोप पाठवला: ‘तिसरी रांग!’

तेव्हा तीनपैकी दोन टीम सोडा. फोरमवरचा शेवटचा निरोप याच आठवड्यातला आहे अशी एखादी लहान टीम शोधा. पहिले काही दिवस दुसऱ्यांचे डाव बघा, आणि डाव संपल्यावर एक तरी प्रश्न विचारा. ‘छान खेळलात’ला ‘धन्यवाद’ एवढंच उत्तर येतं. ‘तेविसाव्या चालीला उंट का नाही घेतलात?’ याला पानभर येतं. बुद्धिबळपटूला त्याच्या डावाबद्दल विचारून बघा, तो थांबतच नाही. (माझं हे उत्तरच बघा ना.)

माझं रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, अकराशेच्या आसपास घुटमळतंय. टीममध्ये गेले तर सगळ्यांना खाली ओढेन अशी भीती वाटते. आधी रेटिंग वाढवू का? — एक वाचक

नको, तोवर तुम्ही कंटाळून सोडून द्याल. भीती तर हिशेबातही टिकत नाही. टीम बॅटलमध्ये वरच्यांचेच गुण धरतात, म्हणजे तुम्ही हरलात तर टीमचं काही कमी होत नाही. लीगमध्ये पट रेटिंगप्रमाणे लावतात, त्यामुळे तुमच्यासमोर साधारण तुमच्याच जोडीचा गडी येतो. आणि शेवटच्या पटावरचा एक गुण पहिल्या पटावरच्या एका गुणाएवढाच असतो. कॅप्टनला विचाराल तर तो सांगेल की वरच्या पटांना खेळाडू मिळतात, खालच्या पटांवर नेमानं येणारं माणूस मिळत नाही. चेस डॉट कॉम या दुसऱ्या साइटवर तर क्लबांच्या (तिथे टीमला क्लब म्हणतात) कितीतरी लढतींना रेटिंगची वरची मर्यादाच असते. मोठे खेळाडू तिथे खेळूच शकत नाहीत.

आमच्या आठव्या पटावरच्या बाईंचं रेटिंग मी वर मुद्दामच दिलं नाही. तुमच्यापेक्षा फार वेगळं नाही.

तासभर सलग बसणं मला शक्य नाही. घरात आजारी माणूस आहे, कधी उठावं लागेल सांगता येत नाही. माझ्यासारख्यानं काय करावं? — एक वाचक

तुमच्यासाठी डेली डाव. एका चालीला एक किंवा अधिक दिवस मिळतात, जमेल तेव्हा पट उघडायचा. चेस डॉट कॉमवर क्लबांच्या डेली लढतीत एकाच प्रतिस्पर्ध्याशी दोन डाव चालतात, एक पांढऱ्यानं, एक काळ्यानं. डाव महिनोन्‌महिने चालतो आणि त्याच्यासोबत गप्पाही. जुन्या पत्रांच्या खेळाचाच हा वंश. एडिंबरा आणि लंडन या शहरांच्या क्लबांमध्ये १८२४ साली पत्रानं सामना सुरू झाला, तो १८२८ मध्ये संपला. एडिंबरानं तो जिंकला, आणि त्याच सामन्यावरून स्कॉच ओपनिंगला, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या एका पद्धतीला, नाव मिळालं.

त्याहून सोबतीचा प्रकार म्हणजे व्होट चेस. अख्खा क्लब मिळून एकच डाव खेळतो: आधी चर्चा, मग मतदान, ज्या चालीला जास्त मतं ती खेळायची. समोरच्यांना तुमची चर्चा दिसत नाही. १९९९ साली जगज्जेता गॅरी कास्पारॉव्ह असाच, इंटरनेटवर मतं देणाऱ्या साऱ्या जगाविरुद्ध खेळला होता. चालीला चोवीस तास, एकूण ६२ चाली, शेवटी कास्पारॉव्ह जिंकला. पण त्याला घाम फुटला तो इरिना क्रश या पंधरा वर्षांच्या मुलीमुळे. ती जगाच्या सल्लागारांपैकी एक होती आणि लोकांची विश्लेषणं एकत्र करून मांडायची. दहाव्या चालीला जगानं वजिराची जी नवी चाल खेळली, ती तिचीच सूचना.

तुम्ही रात्री दोनला जागे असाल तेव्हा तुमच्या क्लबात कोणीतरी ‘घोडा की हत्ती’ यावर हमखास भांडत असेल. तुमचं मत द्या आणि कारणही लिहा. नुसतं मत देणाऱ्याला कोणी लक्षात ठेवत नाही. मध्येच उठून जावं लागलं तरी डाव कुठे जात नाही.

आमच्याच टीममधला एक जण इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणक प्रोग्राम, लावून खेळतो असा मला दाट संशय आहे. टीमच्या चॅटमध्ये विचारू का? — एक वाचक

अजिबात नको. संशय खोटा निघाला तर एका माणसाचं नाव खराब होतं, आणि खरा असला तरी चॅटमध्ये नुसती चिखलफेक होते. डावांसकट साइटकडे तक्रार करा, ती तपासायला त्यांच्याकडे साधनं आहेत. कॅप्टनला खासगीत कळवा. तो म्हणाला, ‘जाऊ दे, आपल्याला गुण मिळतायत ना’, तर त्याच दिवशी टीम सोडा.