वावरातल्या ४० मीटर बँडच्या व्हर्टिकलला (हॅम रेडिओच्या उभ्या अँटेनाला) वर बांधलेले रेडियल

भाऊ, तुम्ही विचारलं की कपाशीच्या वावरात अंथरलेले रेडियल (अँटेनाच्या बुडापासून चहूकडे पसरलेल्या तारा) दर डवरणीला तुटतात, तर चारच तारा वर बांधून भागेल का. भागतं, आरामात. जमिनीवरची तार मातीमुळे डीट्यूनच (आपल्या फ्रिक्वेन्सीवरून सरकलेली) असते, म्हणून तिथे लांबीपेक्षा संख्येला भाव, एएम रेडिओच्या टॉवरखाली तर १२० तारा टाकायची पद्धत आहे. वर उचलली की रिटर्न करंट (अँटेनाचा परतीचा प्रवाह) तारेतूनच येतो, मातीत कमी जिरतो, मग दोन-चार तारा पुरतात. पण प्रत्येक तार ट्यून पाहिजे, इथे 'अंदाजे' चालत नाही.

एका तारेची लांबी मीटरमध्ये ७१.३ भागिले मेगाहर्ट्झ, म्हणजे ७.१ ला १० मीटर. घरच्या वायरिंगची पीव्हीसी वायर थोडी आखूडच लागते, तरी १० मीटर ३० सेंटी कापा, छाटायला सोपं पडतं. मग समोरासमोरच्या दोन तारा त्याच उंचीवर ताणून डायपोलसारख्या (मधोमध जोडणी असलेल्या दोन तारांच्या अँटेनासारख्या) नॅनोव्हीएनएला, म्हणजे अँटेना मोजायच्या छोट्या यंत्राला, लावा, दोन्ही सारख्या छाटत ७.१ वर आणा, मग दुसरी जोडी, आणि उभा एलिमेंट सगळ्यात शेवटी. तारा आडव्या असल्या तर फीडपॉइंटला (कोएक्स केबल अँटेनाला जोडतो तिथे) साधारण ३५-४० ओहम दिसतात, एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेनाच्या जुळणीचा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी) १.४ आला तर उगाच डोकं लावू नका, खाली उतरत्या बांधल्या तर फीडपॉइंट ५० ओहमकडे सरकतो.

उंची ३ मीटर तरी ठेवा, कापसाची बंडी खालून गेली पाहिजे. टोकाला ट्रान्समिट करताना व्होल्टेज चांगलंच असतं, हात लागला की चटका, म्हणून टोकाला पीव्हीसी पाइपाचा तुकडा आणि पुढे नायलॉन दोरी, तार थेट लोखंडी खांबाला बांधायची नाही.

लोक विसरतात तो चोक, म्हणजे केबलच्या बाहेरच्या जाळीवरचा करंट अडवणारा. तो नसला तर कोएक्सची बाहेरची जाळी पाचवा रेडियल होते, तुम्ही एवढं मोजून छाटलेलं सगळं वाया, वरून माइक हातात झिणझिणतो. एफटी२४०-३१ टोरॉइडवर (फेराइटच्या कड्यावर) आरजी-५८ कोएक्सचे १०-१२ वेढे, अगदी फीडपॉइंटलाच. अर्थिंगचा रॉड चोकच्या अलीकडे, रेडिओच्या बाजूला, रेडियलला अर्थ जोडायचा नाही. आणि वीज कडाडायला लागली की कोएक्स सरळ काढून घराबाहेर ठेवा, अर्थिंग आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

अजून एक, रोह्यांसाठी बांधावर झटका मशीन असेल तर रेडियल त्या तारेला समांतर नेऊ नका, तिला काटकोनात काढा. ठराविक अंतराने टिक-टिक ऐकू आली तर अँटेना उकलण्याआधी मशीन बंद करून बघा, बहुतेक कुठेतरी तारेला गवत टेकलेलं नाहीतर इन्सुलेटर फुटलेला सापडतो.