सिंथेटिक सेलमध्ये पीएचडी करायचीय ना, मग हे वाच

हाय,

तुझी लॅब्सची यादी बघितली, मेहनत घेतलीयस हे दिसतंय, पण त्यात प्रोफेसर आहेत, देश आहेत, डेडलाइन आहेत आणि तुला नेमकं काय शोधायचंय ते कुठेच नाही. या फील्डमध्ये ते आधी ठरवावं लागतं गं, कारण 'सिंथेटिक सेल' (म्हणजे लॅबमध्ये माणसाने घडवलेली पेशी) या एकाच पाटीखाली अगदी वेगवेगळी कामं चालतात.

एक रस्ता जिवंत पेशी छाटत जायचा. अमेरिकेतल्या व्हेंटर इन्स्टिट्यूटने 2016 मध्ये सिन3.0 नावाची छाटलेली पेशी केली, फक्त 473 जीन्स, आणि त्यातल्या 149 जीन्सचं काम काय ते तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं! ती जगायची पण विभागताना वेडेवाकडे आकार व्हायचे, मग सात जीन्स परत घातल्यावर गाडी रुळावर आली, हे 2021 मध्ये छापून आलं. जीनोम, क्लोनिंग आवडत असेल तर इकडे बघ.

दुसरा रस्ता शून्यातून बांधायचा, म्हणजे लिपिडचा (चरबीसारख्या रेणूंचा) सूक्ष्म फुगा घ्यायचा आणि आत प्युअर सिस्टीम भरायची (2001 ची जपानी देणगी, शुद्ध केलेल्या घटकांतून प्रोटीन बनवते). ती काही तासांत दमते, राइबोसोम (प्रोटीन जोडणारी यंत्रं) बाहेरून शुद्ध करून घालावे लागतात, म्हणजे प्रश्नांना तोटा नाही. म्युनिकजवळ पेट्रा श्विला यांच्याकडे मिन नावाच्या बॅक्टेरियातल्या प्रोटीन्सवर काम झालंय, पेशीच्या विभाजनाची जागा कशी ठरते वगैरे, ते पेपर वाचच. पण रोजचं काम कसं असतं तेही ऐकून ठेव: फुग्यात सुक्रोज, बाहेर ग्लुकोज, म्हणजे फुगे जड होऊन तळाशी बसतात आणि मायक्रोस्कोपखाली सापडतात, दोन्हीकडची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) जुळली नाही की ते फुटतात नाहीतर सुरकुततात, आणि हे महिनोन् महिने. याचा कंटाळा येणार असेल तर कॉम्प्युटरवरच्या मॉडेलिंगकडे जा, तिथेही माणसं हवीच आहेत, कमीपणा काही नाही त्यात.

जागांचं म्हणशील तर नेदरलँड्समध्ये 2017 पासून सिंथेटिक सेलवरचा बेसिक (BaSyC) नावाचा मोठा प्रोजेक्ट आहे, आता इव्हॉल्फ (EVOLF) हा दुसराही आलाय, तिथे पीएचडी म्हणजे साधारण 4 वर्षांची पगारी नोकरी, मात्र मास्टर्स लागतं. अमेरिकेत बॅचलर्सनंतरही अप्लाय करता येतं, वर्षभर रोटेशन करून (म्हणजे वेगवेगळ्या लॅबमध्ये थोडे थोडे दिवस काम करून) लॅब निवडता येते, तुझ्यासारख्या गोंधळलेल्यांना ते बरं (रागावू नकोस). मेरी क्युरी नेटवर्कच्या (युरोपियन युनियनच्या पैशातल्या पीएचडीच्या) जागांचा एक नियम लोक विसरतात: भरतीच्या आधीच्या 36 महिन्यांत त्या देशात 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे मास्टर्स जिथे करशील तिथलीच मेरी क्युरीची जागा बहुतेक हातची जाणार, ते आत्ताच बघून ठेव.

प्रोफेसरांना मेल करण्याआधी तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या स्टुडंटशी बोल. थेट विचार, अख्खी पेशी कधीच झाली नाही तरी तुझ्या थिसिसमध्ये स्वतःचं असं काय उरेल? याचं उत्तर त्यांना पटकन देता आलं तर त्या लॅबला यादीत वर घे.