जुन्या एमजीबी रोडस्टरला खालचे सस्पेन्शन आर्म ॲल्युमिनियमचे बसवावेत की स्टीलचेच ठेवावेत?

भाऊ, तुमच्या प्रश्नावरून एवढं कळलं : साठच्या दशकातली एमजीबी, म्हणजे इंग्लंडची दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार, घरची आहे, राहणं आर्वीकडं, गाडी कधीमधी वर्ध्याला जाते आणि बाकी वेळ गावच्या रस्त्यानं शेतापर्यंत. पुढचे खालचे आर्म (चाकाला गाडीशी जोडून खालीवर हलू देणारे हात) गंजलेत आणि कोणीतरी परदेशातून ॲल्युमिनियमचे मागवायला सांगतोय, "वजन निम्मं होईल, गंजाची कटकट मिटेल" म्हणून.

स्टीलचेच ठेवा. ॲल्युमिनियम वाईट आहे असं नाही, पण तुमच्या रस्त्याला आणि तुमच्या तालुक्याला ते परवडणारं नाही.

माझं वर्कशॉप वणीकडं आहे. काम बहुतेक ट्रॅक्टर, बोलेरो आणि कोळशाच्या हायवांचं, अशी हौशी गाडी क्वचितच दारात येते. पण आर्म कोणत्याही गाडीचा असो, खड्डा त्याला एकाच पद्धतीनं मारतो.

आधी वजनाचं पाहू. ॲल्युमिनियमची घनता पाण्याच्या 2.7 पट, स्टीलची 7.85 पट, म्हणजे साधारण एक तृतीयांश. ऐकायला भारी वाटतं. पण ताठपणाही एक तृतीयांशच आहे : स्टीलचा 200 गिगापास्कलच्या आसपास, ॲल्युमिनियमचा 70. तेवढाच ताठ आर्म हवा तर ॲल्युमिनियमचा जाड आणि उंच करावा लागतो, आणि वाचवलेल्या वजनातलं बरंच तिथंच परत जातं. त्यात एमजीबीला जागाही नाही. दोन पत्र्याचे दाबीव आर्म, त्यांच्यामध्ये बोल्टनं बसवलेली स्प्रिंगची ताटली, अशी तिची मांडणी. शिवाय आर्मचं एक टोक चेसिसला अडकलेलं असतं, त्यामुळं चाकाबरोबर खालीवर नाचणारं वजन आर्मच्या पूर्ण वजनाइतकं नसतंच, ढोबळमानानं अर्धं धरा. त्याच चाकावर ओतीव लोखंडाचा कॅलिपर, हब, डिस्क आणि रिम लटकलेलं आहे. मागं तर अख्खा एक्सल पाट्यांवर आहे. वजनाचीच हौस असेल तर हलकं रिम घ्या, फरक स्टिअरिंगमध्ये जाणवेल. आर्मचा जाणवणार नाही.

आता मुख्य गोष्ट. स्टीलला एक मर्यादा असते : त्याखालचा ताण कितीही वेळा दिला तरी, गंज आणि ओरखडा नसेल तर, तो भाग थकत नाही. ॲल्युमिनियमला तशी ठाम मर्यादा नाही. बाजारात सर्रास मिळणारं 6061-टी6 (उष्णता देऊन कडक केलेलं ॲल्युमिनियम) घ्या. एका झटक्यात ते 275 मेगापास्कलपर्यंत कायमचं वाकत नाही, म्हणजे साध्या माइल्ड स्टीलच्या बरोबरीचं. पण 50 कोटी वेळा हेलकावे द्यायचे म्हटलं की तेच 97 च्या आसपास येतं, आणि त्यानंतरही घसरतच राहतं. कंपनी ॲल्युमिनियमचा आर्म बनवते तेव्हा हे हिशोबात धरून फोर्जिंग करते, जाडी ठरवते, यंत्रावर लाखो वेळा हादरवून पाहते. आजच्या कितीतरी गाड्यांना असे आर्म आहेत आणि ते उत्तम चालतात. तुम्हाला जे मिळणार ते मात्र कोणीतरी प्लेटमधून मशीनवर कापलेलं असेल. कोणता मिश्रधातू, टेम्पर कोणतं (म्हणजे किती कडक केलंय), फोर्ज केलंय की नुसतं कापलंय, एवढं विकणाऱ्याला विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

आणि खड्ड्यात जोरात आपटल्यावर काय होतं? स्टीलचा दाबीव आर्म वाकतो. गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं खाल्ला जातो, तुम्ही शिव्या देत गॅरेजला येता. ओतीव ॲल्युमिनियम असं सांगून-सवरून जात नाही. आतल्या आत चीर वाढते आणि एक दिवस तुकडा पडतो. फोर्ज केलेलं थोडं वाकतं, पण स्टीलइतकं नाही.

गावातल्या दुरुस्तीचंही बघा. स्टीलला आपल्याकडं कोणताही वेल्डर घरी पोचण्यापुरता टाका मारून देतो. (पुरताच! टाका मारलेल्या आर्मवर वर्षं काढायची नसतात, आणि गॅसनं लाल करून सरळ करणाऱ्याला तर हात लावू देऊ नका.) ॲल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग लागतं. तेही मोठ्या गावात मिळेल, पण टाक्याच्या आजूबाजूचं टी6 मऊ पडून ताकद निम्म्याच्या आसपास येते. ती परत आणायची तर भट्टीत तापवून, पाण्यात विझवून, पुन्हा मंद आचेवर ठेवायचं. हे कोण करणार राजेहो?

गंजाचं म्हणाल तर तिथं तुमच्या सल्लागाराचं अर्धं बरोबर आहे. आपली काळी माती आर्मच्या खोबणीत चिकटून बसते, पावसाळाभर ओल धरून ठेवते, आणि स्टील आतून खाते. पण ॲल्युमिनियमच्या आर्ममध्येही बोल्ट आणि बुशची (सांध्यातल्या रबरी गादीची) नळी स्टीलचीच असते. दोन धातू, मध्ये ओला चिखल, त्यात खताची पोती वाहिलेल्या रस्त्याचं पाणी : मग ॲल्युमिनियम झिजतं. बोल्टच्या डोक्याभोवती पांढरी पावडर दिसते, आणि बोल्ट आतच असा धरतो की काढताना आटेच सोबत येतात. ट्रायम्फ टीआर6 या दुसऱ्या जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स कारच्या मालकांना आट्यांचं दुखणं चांगलं ठाऊक आहे. तिच्या मागच्या ओतीव ॲल्युमिनियमच्या ट्रेलिंग आर्ममधून हबचे स्टड आट्यांसकट उपटून येतात, मग तिथं स्टीलच्या तारेचे इन्सर्ट बसवावे लागतात. तो आर्म तर कंपनीनंच दिलेला. उन्हाची मात्र काळजी नको, मे महिन्याच्या 46-47 अंशांनी ॲल्युमिनियमचं काही बिघडत नाही.

जुने आर्म लगेच फेकू नका. आधी ब्रशनं साफ करा, पूर्ण कोरडे करा, रॉकेल किंवा डिझेल लावून थोडा वेळ ठेवा. कापडानं कोरडं पुसून वर शाळेतला खडू घासा. चीर असेल तर आत मुरलेलं तेल वर येतं आणि पांढऱ्यावर केसाएवढी काळपट रेघ उमटते. बोल्टच्या भोकांभोवती आणि पत्रा वळवलाय त्या कोपऱ्यांत नीट बघा. रेघ दिसली किंवा पत्रा टोचणीनं आत गेला, तर आर्म बाद. नवे स्टीलचे दाबीव आर्म इंग्लंडमध्ये अजून सहज मिळतात. बसवायच्या आधी झिंक प्रायमर आणि रंग, खोबणीत मेण किंवा ग्रीस, आणि पावसाळ्यात चिखल धुऊन काढायची सवय.

वाचलेल्या पैशात बुश बदला. 1973 ते 1976 मध्ये तुमच्याच गाडीची आठ सिलिंडरची आवृत्ती, एमजीबी जीटी व्ही8, निघाली, तिचे धातूच्या नळीला चिकटवलेले रबरी बुश तुमच्या आर्मच्या आतल्या टोकाला बसतात आणि जुन्या साध्या रबरापेक्षा खूप टिकतात. किंगपिनचा (स्टिअरिंग फिरवताना पुढचं चाक ज्या उभ्या खिळ्यावर वळतं, त्याचा) खेळ बघा. चाक जॅकवर उचलून, भार काढून ग्रीस भरा, नाहीतर ग्रीस जिथं हवं तिथं पोचतच नाही. लिव्हरवाला शॉकही तपासा. एमजीबीत वरचा आर्म म्हणजे त्या शॉकचाच हात, आणि त्याची बॉडी ॲल्युमिनियमचीच आहे, म्हणजे तुमच्या सस्पेन्शनमध्ये ते आधीपासून आहेच. तेल गळतंय का आणि क्रॉसमेंबरला (पुढच्या आडव्या तुळईला) धरणारे त्याचे बोल्ट ढिले झालेत का, एवढं बघा.

मेकॅनिकला एक बजावून सांगा : व्ही8 चे बुश बसवताना आतल्या नटांचा शेवटचा आवळा गाडी चाकांवर उभी असतानाच द्यायचा. जॅकवर आवळले तर रबर पीळ खाऊन बसतं आणि लवकर फाटतं.