आईला पहिला आवडतो, लेकीला दुसरा

प्रश्न: नमस्कार ताई, चवथीला माहेरी सगळे जमलो होतो, बाहेर पाऊस थांबेना, म्हणून मुलांना टीव्हीवर 'इनसाइड आउट' या कार्टून पिक्चरचे (रायली नावाच्या मुलीच्या डोक्यातल्या भावनाच त्यात पात्रं आहेत) दोन्ही भाग लागोपाठ लावून दिले. पहिला बघताना मी रडले, दुसरा मला नुसता गोंधळ वाटला. पण माझी आठवीतली मुलगी म्हणते आई तुला काय कळत नाय, दुसराच भारी, कमाई बघ त्याची! वाद अजून मिटला नाही. तुम्हीच सांगा आता.
– एक आई, फोंडा

उत्तर: कमाईचं आधी बाजूला ठेवू. २०२४ चा दुसरा भाग दीड अब्ज डॉलरच्या वर गेला, २०१५ च्या पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट, पण त्यात पहिल्याची पुण्याई पण आहे की, लोक ओळखीच्या रायलीला भेटायलाच गेले होते.

गोष्ट म्हणून बघाल तर मी तुमच्या बाजूने. पहिल्यात ११ वर्षांची रायली मिनेसोटा सोडून सॅन फ्रान्सिस्कोला येते, तिच्या डोक्यातली जॉय, म्हणजे आनंदाची भावना, हट्टाने सगळं आनंदीच ठेवायला बघते आणि शेवटी तिला कळतं की सॅडनेसला, म्हणजे दुःखाला, कोपऱ्यात बसवून भागणार नाही, पोरगी रडली तरच आईबाबा जवळ घेतात. पण हे फुकट कळत नाही. तो बिंगबाँग आठवतो ना, रायलीचा लहानपणीचा मनातल्या मनातला मित्र, विसरलेल्या आठवणींच्या खड्ड्यातून जॉय वर पोचावी म्हणून गाडीतून मुद्दाम उडी मारतो आणि विरून जातो, तो गेला तो गेलाच. दुसऱ्या भागात असं कायमचं काहीच जात नाही. सांगाडाही तोच, जॉय परत हेडक्वार्टरच्या, म्हणजे डोक्यातल्या कंट्रोल रूमच्या, बाहेर, परत ती पायपीट, परत शेवटच्या घडीला पोचणं. नव्या भावना आल्या चार, पण खरं काम एकट्या अँग्झायटीला, म्हणजे चिंतेला, ती कंटाळलेली ऑनवी तर सोफ्यावर फोन घेऊन पडलेली असते! (नॉस्टॅल्जिया, म्हणजे जुन्या आठवणींत रमणारी आजी, मात्र दार उघडून येते आणि तिला परत पाठवतात, तेव्हा मी जाम हसले.)

आता तुमच्या मुलीचं. पहिला पिक्चर दिग्दर्शक पीट डॉक्टरला सुचला तो स्वतःची मुलगी मोठी होताना गप्प गप्प व्हायला लागली ते बघून, म्हणजे तो मुळातच आईबापाच्या काळजीतून आलाय, तुम्ही रडणारच. दुसऱ्यात रायली १३ ची, आइस हॉकीच्या कॅम्पला जाते, जिवलग मैत्रिणी वेगळ्या शाळेत जाणार हे कळतं आणि ती त्यांना टाकून मोठ्या मुलींच्या मागे मागे फिरायला लागते. आईबाबा जवळजवळ नाहीतच तिथे. आणि मग तो पेनल्टी बॉक्समधला (खेळात चूक केली की जिथे बसवतात तिथला) सीन, छाती धडधडतेय, श्वास पुरत नाही, डोक्यात अँग्झायटी कंट्रोल पॅनलभोवती वादळासारखी गरगर फिरतेय आणि तिला स्वतःलाच थांबता येत नाही. ती व्हिलन नाही हो, भलं करायलाच आलेली. पॅनिक अटॅक इतका सरळ दाखवलेला मुलांच्या पिक्चरमध्ये मी तरी फार बघितलेला नाही, पहिल्या भागात तर एवढ्या जवळून काहीच नाही. तुमची मुलगी त्याच वयाची. तिला गोष्टीचा सांगाडा नवा की जुना याच्याशी काय करायचंय, तिला ती रायली आपली वाटली.

म्हणून पहिला सरस हे माझं मत कायम, पण ते तिच्यावर लादू नका. उलट दुसऱ्यातला कुठला सीन आवडला ते विचारा आणि ती सांगेल तेव्हा मध्ये बोलू नका, प्लीज.

प्रश्न: मुलगा पाच वर्षांचा आहे. डायरेक्ट दुसरा भाग दाखवला तर चालेल का?
– पेडण्याहून एक बाबा

उत्तर: समजायला अडचण नाही, पण त्या वयाला ते हॉकी कॅम्प आणि मैत्रिणींचे रुसवेफुगवे बोअर होतील, अर्ध्यात उठून जाईल. पहिलाच लावा. फक्त त्यात जँगल्स नावाचा एक अवाढव्य विदूषक आहे, तेव्हा रात्री जेवणानंतर नको, दुपारीच बघून घ्या.