नाशिकमध्ये धोकादायक वाहन चालवल्याचा गुन्हा दाखल झाला आहे; वकील कसा मिळेल?

गंगापूर रोडवर आपल्या भावाच्या कारची धडक बसून दुचाकीस्वार किरकोळ जखमी झाला आणि ‘दंड भरून मोकळे व्हा’ असा सल्ला मिळाला, असे आपण लिहिले आहे. हा सल्ला घाईचा वाटतो, कारण दंडासाठी गुन्हा कबूल करणे म्हणजे दोषसिद्धी नोंदवून घेणे होय, आणि त्याची झळ वाहन परवान्यालाही बसू शकते.

प्रथम एफआयआरची प्रत मिळवून कलमे पाहावीत. भारतीय न्याय संहितेचे कलम 281 जामीनपात्र असून त्यात कमाल सहा महिने कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात; मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा 1000 ते 5000 रुपये दंड किंवा दोन्ही आहेत. जखम गंभीर ठरली, तर न्याय संहितेच्याच कलम 125 मधील (इतरांचा जीव धोक्यात घालणारे कृत्य) शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते. म्हणून वैद्यकीय अहवाल वकिलाने बारकाईने वाचायला हवा.

आसपासच्या दुकानांचे सीसीटीव्ही चित्रीकरण पुसले जाण्यापूर्वी ते जपून ठेवण्याची लेखी विनंती आजच करावी. पंचनाम्यात ब्रेकच्या खुणा, वाहनांची स्थिती काय नोंदली आहे, तेही पाहावे. विमा कंपनीला कळवावे. भरपाईचा दावा स्वतंत्रपणे चालतो.

खासगी वकील परवडत नसल्यास सीबीएसजवळील (मध्यवर्ती बसस्थानकाजवळील) जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करावा किंवा 15100 या विधी साहाय्य हेल्पलाइनवर फोन करावा. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील आरोपी यांना उत्पन्नाची अट लागू नाही.